नापास माल, नवा रंग आणि अव्वल भाव

व्यापारात मालाची प्रत ठरलेली असते. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या कापडवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. थानात पट्टा आला, धागा तुटला, तेलाचा डाग पडला की तो माल 'फ्रेश'मधून निघून 'सेकंड'मध्ये जातो. त्याचे तुकडे झाले की 'फेंट', आणि अगदीच काही उरले नाही की चिंधी. प्रत्येक पायरीला भाव उतरतो. आपण काय देतो आहोत हे देणाऱ्याला ठाऊक असते, आपण काय घेतो आहोत हे घेणाऱ्याला ठाऊक असते. या एका शिरस्त्यावर कितीतरी छोट्या दुकानदारांची आणि फेरीवाल्यांची रोजी चालते आणि गरिबाच्या अंगावर कापड येते.

समजा, उद्या गिरणीवाल्यानेच ठरवले की सेकंडचा माल बाजारात सोडायचाच नाही. त्याला गडद रंग द्यायचा, वर थोडी कशिदाकारी करायची, 'असा नग जगात दुसरा नाही' अशी चिठ्ठी लावायची आणि फ्रेशच्या बरोबरीने, किंबहुना त्याहून चढ्या भावाने स्वतःच्याच दुकानात विकायचा. याला कारागिरी म्हणावी, हुशारी म्हणावी की लबाडी? अमेरिकेतल्या गिटारच्या धंद्यात नेमका हाच वाद आहे. वाद परदेशातला असला तरी प्रश्न दुकानदाराचा आणि कारागिराचा आहे, म्हणून त्याचा विचार येथे करीत आहोत.

मूळ प्रकरण काय आहे?

गिब्सन ही गिटार बनवणारी अमेरिकेतली जुनी कंपनी. १९०२ साली मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावी ती स्थापन झाली. १९५२ साली तिने 'लेस पॉल' ही इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली आणि तिचे नाव जगभर झाले. १९७० च्या दशकात तिने टेनेसी राज्यातल्या नॅशविल शहरात नवा कारखाना उभारला आणि १९८४ साली कॅलमझूचा जुना कारखाना बंद केला. ही कंपनी बास गिटारीही बनवते. बास म्हणजे जाड तारांची, खर्जाचा सूर देणारी गिटार. तिची 'थंडरबर्ड' बास १९६३ पासून प्रसिद्ध आहे. आजच्या घडीला या कंपनीची चांगली लेस पॉल नवी घ्यायची तर सुमारे अडीच ते तीन हजार डॉलर मोजावे लागतात.

लाकडाचे काम म्हटले की काही नग बिघडणारच. कुठे पॉलिश ओघळते, कुठे लाकडात गाठ निघते, कुठे कडेची पट्टी नीट बसत नाही, कुठे दांडी किंचित पिळवटते. पूर्वी या नगांसाठी कंपनीची रीत सरळ होती. गिटारच्या डोक्यामागे जेथे नगाचा क्रमांक ठोकलेला असतो तेथेच '२' हा आकडा ठोकायचा. दोन म्हणजे दुय्यम. असा नग कमी भावाने जायचा. ती खूण लाकडात कोरलेली असल्यामुळे पुढे दहा हात बदलले तरी दहाव्या माणसालाही कळायचे की हा नग कारखान्यातून कोणत्या दर्जाने बाहेर पडला. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या अशा गिटारी आजही बाजारात फिरतात आणि त्यांच्या पाठीवरचा तो '२' आजही बोलतो.

अलीकडच्या वर्षांत कंपनीने वेगळी वाट धरली आहे. 'मॉड कलेक्शन' या नावाने ती फेरफार केलेल्या गिटारी आणि बास स्वतःच थेट गिऱ्हाइकाला विकते. मूळ नग घ्यायचा, त्याचा रंग बदलायचा, आवाज पकडणारे पिकअप बदलायचे, खुंट्या आणि घोडी काळी किंवा सोनेरी बसवायची आणि 'एकमेव नग' म्हणून तो मांडायचा. यातला प्रत्येक नग तपासणीत नापास झालेलाच असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. नमुन्यासाठी बनवलेले, प्रदर्शनात ठेवलेले, दुकानातून परत आलेले असे नगही कोणत्याही कारखान्यात साचतात. परंतु गिऱ्हाइकांची तक्रार नेमकी येथेच आहे. हा नग मुळात काय होता, तो रांगेतून बाहेर का काढला आणि रंगाखाली काय आहे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. आणि हे न कळता नव्या अव्वल नगाइतके किंवा त्याहूनही जास्त पैसे का मोजावेत, असा त्यांचा सवाल आहे.

मोडून टाकणे हा उपाय नव्हे

कंपनीची बाजूही समजून घेतली पाहिजे. बिघडलेला किंवा न खपलेला माल ठेवायचा कुठे, ही प्रत्येक उत्पादकाची डोकेदुखी असते. याच कंपनीने 'फायरबर्ड एक्स' नावाची गिटार काढली होती. तिच्यात यंत्रे आणि इलेक्ट्रॉनिक्सची इतकी गर्दी होती की वाजवणाऱ्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. पुढे २०१९ साली एक चित्रफीत लोकांसमोर आली. तीत या गिटारी जमिनीवर ओळीने अंथरलेल्या आहेत आणि त्यांच्यावरून एक अवजड यंत्र फिरते आहे. शेकडो गिटारींचा असा चुरा झाला. या नगांतले भाग असुरक्षित होते, ते दुरुस्त होण्यासारखे नव्हते, असा खुलासा कंपनीने केला. पण शाळेतल्या मुलांना तरी द्यायच्या होत्या, असे म्हणत लोकांनी संताप व्यक्त केला.

त्याआधी २०१८ सालच्या मे महिन्यात कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याच्या आश्रयाला गेली होती. गिटारींचा खप हे त्याचे मुख्य कारण नव्हते. गिटार सोडून घरगुती इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यात उडी घेतली आणि त्यासाठी काढलेले कर्ज अंगाशी आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नव्या मालकांच्या हाती ती पुन्हा उभी राहिली. आपण जे चांगले करतो ते सोडून परक्या धंद्यात कर्जाने उतरू नये, हा धडा आपल्या लोकांनीही लक्षात ठेवण्यासारखा आहे. असो.

सांगण्याचे तात्पर्य, माल यंत्राखाली चिरडण्यापेक्षा तो दुरुस्त करून, सजवून विकणे केव्हाही चांगले. त्यात लाकूड वाया जात नाही, कारागिराच्या हाताला काम मिळते आणि माल कुणाच्या तरी उपयोगी पडतो. नापास मालावर पुन्हा काम करणे हा दोष नाही, ती अक्कल आहे. म्हणून या प्रकरणात सरसकट 'फसवणूक' असा शिक्का मारणारे आणि 'ज्याचा माल त्याची मर्जी' असे म्हणून सोडून देणारे, दोघांचेही म्हणणे आम्हाला पटत नाही. पाहायचे ते इतकेच की दोष कोणत्या जातीचा होता आणि तो सांगितला की झाकला.

रूपाचा दोष आणि गुणाचा दोष

कारागिराला हा फरक चटकन कळेल. रूपाचा दोष म्हणजे पॉलिशचा ओघळ, ओरखडा, लाकडाची न जुळलेली रेघ. यामुळे आवाजात फरक पडत नाही. अशा नगावर गडद रंग दिला तर त्यात गैर काही नाही. या धंद्यात ती जुनी रीत आहे. लेस पॉल गिटार सुरुवातीला सोनेरी रंगातच यायची. त्या रंगाखाली लाकडाचे साधे, दोनापेक्षा जास्त जोडांचे फळकूटही चालून जायचे. १९५८ साली लाकडाच्या रेषा दाखवणारे पारदर्शक पॉलिश आले, तेव्हापासून दर्शनी फळी निवडून, दोन सारखे भाग जुळवून लावावी लागली. म्हणजे लाकूड पाहून रंग ठरवणे ही लबाडी नव्हे, तो कारागिराचा हिशेब आहे.

गुणाचा दोष ही वेगळी गोष्ट आहे. दांडी पिळवटलेली असेल, ती धडाला चुकीच्या कोनात चिकटवलेली असेल, आतून जोड उकलत असेल, तर वाद्य सुरात राहणार नाही. बासच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. बासची दांडी लांब असते आणि तिच्या चार जाड तारांचा ताण साध्या गिटारच्या सहा तारांच्या सुमारे दीडपट असतो. घेताना सरळ दिसणारी दांडी वर्षभर ताण सोसला की वाकते. असा दोष नव्या रंगाने आणि सोनेरी खुंट्यांनी जात नाही, फक्त दिसेनासा होतो. गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी कळत नाही, पण वाद्य कार्यक्रमात बेसूर झाले की कळते. तोवर पैसे गल्ल्यात गेलेले असतात.

भावाचा हिशेब

आता भावाकडे वळू. समजा, अव्वल नगाचा भाव १०० आहे. दोष आल्यामुळे तोच नग ७० ला विकावा लागला असता. त्यावर रंगाचे, नव्या भागांचे आणि मजुरीचे २० खर्चले आणि वर १० नफा धरला, तर भाव पुन्हा १०० होतो. येथपर्यंत कुणी तक्रार करू नये. मेहनत घातली आहे, तिचे दाम मिळालेच पाहिजे. पण भाव ११० किंवा १३० होतो तेव्हा वरचे पैसे कशाचे, हे विचारायचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. 'एकमेव नग आहे' हे उत्तर पुरेसे नाही. खिळ्यात अडकून फाटलेला सदराही एकमेवच असतो. एखादी वस्तू एकच आहे म्हणून ती मोलाची ठरत नाही. ती मोलाची असेल तर एक असल्याने मोल वाढते, इतकेच.

या हिशेबात आणखी एक गोम आहे. जुन्या गिटारींच्या बाजारात मूळ रंगाला फार किंमत आहे. एखाद्या जुन्या गिब्सनचा मूळ रंग काढून नवा दिला की तिची किंमत जवळजवळ निम्म्यावर येते, असा या बाजारातला सर्वसाधारण ठोकताळा आहे. भाग बदलले तरी किंमत उतरते. म्हणजे हेच काम गिऱ्हाइकाने केले तर वस्तू उतरते आणि कंपनीने केले तर चढते! आज चढ्या भावाने घेतलेली ही गिटार तोच माणूस पाच वर्षांनी विकायला काढील, तेव्हा तिच्यातले फेरफार तिचे मोल वाढवतील की घटवतील, हा विचार प्रत्येक घेणाऱ्याने आधी करावा. गिटार अमेरिकेत लाखमोलाची असते, आणि लाखमोलाच्या वस्तूचा परतीचा भाव पाहूनच व्यवहार करायचा असतो.

नुकसान कुणाचे?

श्रीमंत शौकिनाने दोनशे-चारशे डॉलर जास्त दिले तर आम्हाला त्याचे दुःख नाही. आम्हाला चिंता आहे ती दुसऱ्या दोघांची.

पहिला, हातावर पोट असलेला वादक. लग्नात, हॉटेलात, छोट्या कार्यक्रमांत वाजवणारा माणूस अव्वल गिटार घेऊ शकत नाही. '२' आकड्याची गिटार हीच त्याची नामी वाद्यापर्यंत पोहोचण्याची वाट होती. कंपनीनेच दुय्यम माल सजवून अव्वलच्या भावात नेला की ही वाट बंद होते.

दुसरा, दुरुस्ती करणारा छोटा कारागीर आणि जुना-सेकंड माल विकणारा दुकानदार. गिब्सनच्या गिटारींचे डोके मागे झुकलेले असते आणि दांडी तेथे बारीक असते, त्यामुळे ती पडली की मान मोडते. हा तिचा जुना आजार आहे. अशी मोडकी किंवा दोषाची गिटार स्वस्तात घ्यायची, सरसाने जोडायची, घासून नीट करायची आणि जोड दाखवून वाजवी भावात विकायची, यावर कितीतरी छोटी वर्कशॉपे चालत आली. मोठ्या उत्पादकाने दुय्यम मालाची ही शेवटची कमाईही आपल्याच घरात वळवली तर या माणसांनी काय करावे? कायद्याने उत्पादकाला कुणी अडवू शकत नाही. पण बाजार म्हणजे केवळ कायदा नव्हे. मोठ्याने काही उरवायचे आणि लहानाने त्यावर जगायचे, अशी बाजाराची एक अलिखित वाटणीही असते.

याउलट उदाहरणेही आहेत. जर्मनीत थोमान हे वाद्यांचे फार मोठे दुकान आहे. तेथे गिऱ्हाइकाने परत केलेला किंवा डबा फोडलेला माल 'बी स्टॉक' असे स्वच्छ लिहून कमी भावाने विकतात. यात दुकानाची इज्जत जात नाही. उलट घेणाऱ्याचा भरवसा वाढतो, कारण जो आपला दुय्यम माल दुय्यम म्हणतो त्याच्या अव्वल मालावर कुणी शंका घेत नाही.

दीन काय सांगतो, कायदा काय सांगतो

आपल्याला याबाबत शोधायला दूर जावे लागत नाही. मदिनेच्या बाजारातली धान्याच्या ढिगाची हदीस सर्वांना ठाऊक आहे. ढीग वरून कोरडा होता, हात घातल्यावर आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी त्याला ओला भाग वर का ठेवला नाही, असे विचारले आणि धोका देणारा आपल्यातला नव्हे असे बजावले. ध्यानात घ्या, धान्य भिजले हा त्याचा गुन्हा नव्हता, भिजलेले धान्य विकायलाही मनाई केली नव्हती. ओल झाकली हा गुन्हा होता.

दुसरीकडे, बाजारात महागाई झाली तेव्हा भाव बांधून देण्याची विनंती झाली, ती मात्र त्यांनी मान्य केली नाही. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की आजच्या वादाचे उत्तर मिळते. भाव घेणाऱ्या-देणाऱ्याच्या राजीखुशीवर सोडला आहे, पण ती राजीखुशी ऐब कळल्यानंतरची हवी. ऐब लपवून विक्री झाली तर खरेदीदाराला माल परत करण्याचा हक्क आहे. फिकहमध्ये त्याला खियारे ऐब म्हणतात आणि हनफी असोत की शाफई, दोघेही तो मानतात.

देशाचा कायदाही याच दिशेने जातो. आपल्याकडे १९३० चा मालविक्री कायदा आहे आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. दुरुस्त केलेला, पुन्हा बनवलेला, नूतनीकरण केलेला किंवा वापरलेला माल नवा म्हणून विकणे ही ग्राहक कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. 'गिऱ्हाइकाने पाहून घ्यायचे होते' ही सबब पूर्वी चालत असेल, आता ती फार काळ टिकत नाही.

आपल्या कारागिरांसाठी

हे वाचणाऱ्यांत गिटार विकणारे थोडेच असतील. पण वाद्य बनवणारे हात आपल्यातही आहेत. मिरजेची सतार आणि तंबोरा देशभर जातो. हत्यारांना धार देणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तेथे हे काम सुरू केले आणि पुढच्या पिढ्यांनी ते जगवले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हा मोठा मान आहे, आणि त्याबरोबर जोखीमही आली आहे. नाव मोठे झाले की दुय्यम मालही त्या नावावर खपवण्याचा मोह होतो.

सतारीतही दोष येतात. भोपळ्याला बारीक चीर जाते, तबलीच्या लाकडात गाठ निघते, दांडी वर्षभरात हलते. नक्षीच्या पट्टीखाली चीर झाकणे जाणत्या कारागिराला अवघड नाही. चीर भरून, पक्की करून, वर नक्षी काढली तरी हरकत नाही. फक्त घेणाऱ्याला ते सांगितले पाहिजे. नवशिक्या विद्यार्थ्याला असे सांगून-सवरून दिलेले स्वस्त वाद्य मोठा आधार असते. तोच विद्यार्थी पुढे अव्वल सतार घ्यायला त्याच दुकानात येतो.

मग हा माणूस सतारमेकर असो, कोल्हापुरी चप्पल बनवणारा असो, सागवानी फर्निचरवाला असो की यंत्रमागाचा मालक असो, आमचे सांगणे सर्वांना एकच आहे. आपला नापास माल भंगाराच्या भावाने दलालाच्या घशात घालू नका. तो आपणच दुरुस्त करा, त्याचे नवे काही करा आणि मेहनतीचे पुरे दाम घ्या. गिब्सनपासून एवढे जरूर शिकावे. परंतु बिलावर तीन ओळी लिहा. हा नग मुळात काय होता, त्यात काय ऐब होता आणि आम्ही त्यावर काय काम केले. शिवाय मालावर न पुसली जाणारी एक खूण करा, कारण बिल हरवते आणि माल हात बदलतो. त्या जुन्या '२' आकड्याची खरी थोरवी हीच होती.

या तीन ओळींनी एखादे गिऱ्हाईक परत जाईल, हे मान्य आहे. पण जे घेऊन जाईल ते पुन्हा येईल आणि चार जणांना घेऊन येईल. तिजारतीत बरकत म्हणतात ती यापेक्षा वेगळी नाही.